विजयदुर्गाचे ओटे आणि लॉकियरसाहेब

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात खगोलसंशोधन हा पोटापाण्याचा व्यवसाय होण्यास बराच अवकाश होता. ज्याच्यापाशी वडिलोपार्जित संपत्ती असे तो आपल्या हवेलीच्या आवारात वेधशाळा उभारी, ज्याला धर्मखात्याचे सुरक्षित वेतन असे तो पाद्री प्रवचनांतून उरलेला वेळ दुर्बिणीस देई, आणि या दोहोंपैकी काहीच ज्याच्या पदरी नसे त्याने दिवसभर सरकारी दफ्तरात खर्डेघाशी करून रात्री आपली हौस भागवावी, असा साधारण शिरस्ता होता. जोसेफ नॉर्मन लॉकियर हा या तिसऱ्या वर्गातला. १७ मे १८३६ रोजी रग्बी गावी जन्मलेला हा मनुष्य १८५७ साली, म्हणजे इकडे हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटला असता, लंडनच्या युद्धखात्यात कारकून म्हणून रुजू झाला. विश्वविद्यालयाची पदवी त्याच्यापाशी नव्हती. सैन्याच्या नियमावलीचे मसुदे नीटनेटके करणे, हे काम त्याच्याकडे आले आणि त्याने ते चोख बजावले. परंतु घरी सव्वासहा इंच भिंगाची एक दुर्बीण होती आणि त्याचे खरे चित्त तेथे गुंतलेले होते. १८६२ साली मंगळ पृथ्वीच्या जवळ आला त्या वेळी त्याने त्या ग्रहाची जी चित्रे काढली, त्यांनी जाणत्या मंडळींचे लक्ष या अनोळखी कारकुनाकडे वेधले.

मंगळावरून त्याची दृष्टी सूर्याकडे वळली. ज्याचा दिवस कचेरीत गहाण पडलेला आहे अशा माणसाने दिवसाच दिसणाऱ्या एकमेव ताऱ्याची निवड करावी, यात व्यवहारचातुर्य कमी आणि हट्ट अधिक, असेच कोणीही म्हणेल. पण काळ त्या हट्टाला अनुकूल होता. किरशॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० च्या सुमारास असे दाखवून दिले होते की, प्रत्येक मूलद्रव्य तापून प्रकाशू लागले म्हणजे वर्णपटात आपल्या स्वतःच्या ठराविक रेषा उमटविते. त्यामुळे कोट्यवधी मैलांवरील पदार्थाची ओळख लोलकाच्या साहाय्याने घरबसल्या पटविता येऊ लागली होती. खग्रास ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्या तांबूस ज्वाला दिसत, त्या वायुरूप आहेत की घनरूप, हा त्या काळचा मोठा वादाचा विषय होता. ग्रहण वर्षादोनवर्षांनी, तेही पृथ्वीच्या कुठल्यातरी आडबाजूस, आणि ते दिसावयाचे ते दोनचार मिनिटे. तेवढ्यात निर्णय व्हावा कसा?

लॉकियरने १८६६ साली यावर एक युक्ती सुचविली, आणि तिच्यातील विचार इतका सरळ आहे की तो थोडा विस्ताराने सांगण्याचा मोह आवरत नाही. एरव्ही ज्वाला दिसत नाहीत त्या काही मंद असतात म्हणून नव्हे. आपल्या वातावरणात पसरलेल्या सूर्यप्रकाशाचा झगझगाट त्यांना झाकून टाकतो. हा पसरलेला प्रकाश सर्व रंगांचा मिळून झालेला आहे. तो लोलकांच्या रांगेतून नेला तर एक लांबलचक पट्टा होऊन विरळ होत जातो, आणि जितके लोलक अधिक तितका तो अधिक विरळ. ज्वाला मात्र वायूची असेल तर तिचा प्रकाश मोजक्याच रेषांत साठविलेला असणार. तो पट्ट्यासारखा पसरून जाणार नाही, रेषा एकमेकींपासून लांब सरकतील इतकेच. तेव्हा पुरेसे सामर्थ्यवान वर्णपटदर्शक यंत्र दुर्बिणीस जोडून सूर्याच्या कडेच्या किंचित बाहेर त्याची फट धरली, तर फिक्या पार्श्वभूमीवर ज्वालेच्या रेषा भर दिवसा, ग्रहणाशिवाय, उजळ दिसल्या पाहिजेत.

कल्पना तयार होती, यंत्र तयार नव्हते. ते घडविण्यास इतका विलंब लागला की १६ ऑक्टोबर १८६८ पूर्वी ते लॉकियरच्या हाती पडले नाही. दरम्यान १८ ऑगस्टचे खग्रास ग्रहण हिंदुस्थानावरून निघून गेले होते. फ्रान्सचा ज्यूल जान्सेन हा त्यासाठी गुंटूरला येऊन राहिला होता. ग्रहणात ज्वालांच्या रेषा इतक्या तेजस्वी दिसल्या की, या तर उद्याही दिसतील, असे त्याच्या मनाने घेतले, आणि दुसऱ्या दिवशी मोकळ्या सूर्यावर त्याने त्या खरोखरच पाहिल्या. या गोष्टीची वार्ता नसलेल्या लॉकियरने २० ऑक्टोबर रोजी लंडनमधील आपल्या घरच्या दुर्बिणीतून तेच दृश्य पाहिले. जान्सेनचा खलिता समुद्रमार्गे आणि लॉकियरचे वृत्त खाडीपलीकडून, अशी दोन्ही पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी दाखल झाली. श्रेयाचा तंटा माजविण्याऐवजी फ्रेंच सरकारने १८७२ साली दोघांच्याही मुद्रा असलेले एक पदक पाडले. शास्त्राच्या इतिहासात असा शहाणपणाचा निवाडा क्वचितच आढळतो.

या रेषांमध्ये एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या दोन परिचित पिवळ्या रेषांच्या शेजारी, पण त्यांच्याशी न जुळणारी. ग्रहणाच्या वेळी ती अनेकांनी पाहिली होती आणि घाईच्या त्या क्षणांत बहुतेकांनी तिला सोडियमचीच समजून पुढे पाऊल टाकले होते. लॉकियरला घाई नव्हती, कारण त्याचा सूर्य रोज उगवत होता. त्याने त्या रेषेचे स्थान पुनःपुन्हा मोजले, एडवर्ड फ्रँकलंड या रसायनज्ञाबरोबर प्रयोगशाळेत ज्ञात वायूंच्या रेषांशी ताडून पाहिले, आणि ती कोणाशीच जमेना तेव्हा सूर्यावर एखादे अज्ञात मूलद्रव्य असले पाहिजे, असा तर्क त्याने केला. तेच हेलियम. १८९५ साली विल्यम रॅम्झे याने क्लेव्हाइट नावाच्या खनिजातून निघालेल्या वायूत ती रेषा पाहीपर्यंत पुष्कळ रसायनज्ञ या तर्काची थट्टाच करीत होते. सत्तावीस वर्षे थट्टा सोसून मग खरे ठरण्याचे भाग्य फार थोड्या तर्कांच्या वाट्यास येते.

येथे आपल्या कोकणपट्टीच्या एका समजुतीचा विचार करणे प्राप्त आहे. वाघोटनच्या खाडीच्या मुखाशी, तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेला विजयदुर्ग उभा आहे. आदिलशाहीकडून शिवछत्रपतींनी तो घेतला, आंग्र्यांच्या आरमाराचे ते माहेर झाले, आणि १७५६ साली वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तो पाडाव केला, हा इतिहास शाळकरी मुलांसही ठाऊक असतो. त्या किल्ल्यात चिऱ्यांनी बांधलेले काही ओटे आहेत. गावकरी त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात, कोणी साहेबाचे कट्टे म्हणतात. साहेब म्हणजे लॉकियर. याच ओट्यांवर दुर्बिणी मांडून १८ ऑगस्ट १८६८ रोजी साहेबाने हेलियमचा शोध लावला, असे तेथे मोठ्या अभिमानाने सांगतात, आणि तेवढ्यावर न थांबता त्या तारखेस हेलियमचा दिवसही साजरा करतात. अभिमान समजण्यासारखा आहे; हकीकत मात्र खरी नाही. त्या दिवशी लॉकियर इंग्लंडात होता, त्याचे यंत्र अद्याप कारागिराकडे होते, आणि हिंदुस्थानच्या भूमीवर त्याचे पाऊल प्रथम पडले ते १८७१ च्या डिसेंबरात, दक्षिण कानड्यातील बेकलच्या किल्ल्यावर, दुसऱ्या एका ग्रहणासाठी.

असा घोटाळा का झाला, हे पाहणे मनोरंजक आहे. १८६८ च्या ग्रहणाचा सावलीचा पट्टा कोकण किनारा ओलांडून जमखंडी, गुंटूर, मच्छलीपट्टण असा पूर्वेकडे गेला होता. जमखंडीच्या संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, प्रख्यात हर्शेल घराण्याचा वंशज, तळ देऊन बसला होता व त्यानेही ज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या होत्या. म्हणजे विजयदुर्गाच्या परिसरावरून त्या दिवशी सावली गेली, हे खरे. लॉकियर विजयदुर्गावर आला, हेही खरे. दोन खऱ्या गोष्टींमध्ये तीस वर्षांचे जे अंतर होते तेवढे लोकस्मृतीने गिळून टाकले. किल्ल्यावर ज्याचे नाव ऐकावयाचे तो हेलियमचा शोधक, आणि शोधाचे साल प्रत्येक पुस्तकात १८६८. मग ओटे त्याच सालाचे ठरण्यास वेळ तो किती लागणार?

हेलियमच्या मागून लॉकियरच्या आयुष्यास निराळेच वळण लागले. ४ नोव्हेंबर १८६९ रोजी मॅकमिलन प्रकाशनसंस्थेच्या साहाय्याने त्याने ‘नेचर’ हे साप्ताहिक सुरू केले. हेतू दुहेरी होता: शास्त्रज्ञांना एकमेकांचे काम तत्काळ कळावे, आणि सामान्य सुशिक्षितासही शास्त्राची गोडी लागावी. पत्र अनेक वर्षे तोट्यात चालले. प्रकाशक धीराचे म्हणून ते टिकले. लॉकियरने पन्नास वर्षे त्याचे संपादकपद सांभाळले, आणि आज जगातील संशोधक ज्या पत्रात आपला निबंध यावा म्हणून धडपडतात ते हेच. परंतु दुसरा हेतू मात्र हळूहळू मागे पडला. पत्र तज्ज्ञांचे झाले, सामान्य वाचक बाहेर राहिला. ही उणीव लॉकियरने आपल्या परीने अन्य मार्गांनी भरून काढली. कामगारांसाठी व्याख्याने दिली, शाळांसाठी खगोलशास्त्राचे सुबोध पुस्तक लिहिले, आणि १८७६ साली लंडनमध्ये भरलेल्या शास्त्रीय उपकरणांच्या प्रदर्शनासाठी झटून पुढील काळातील विज्ञान-संग्रहालयाचा पाया घातला.

लोकांस पटवून देण्याची ही हौस कधीकधी त्याच्या अंगाशीही आली. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिण हिंदुस्थानात जो भीषण दुष्काळ पडला, त्या वेळी लॉकियर आणि मुलकी खात्यातील विल्यम हंटर यांनी नोव्हेंबर १८७७ मध्ये एक निबंध लिहून असे प्रतिपादन केले की, सूर्यावरील डागांच्या अकरा वर्षांच्या चक्राशी मद्रासच्या पर्जन्याचा संबंध आहे, आणि डाग कमी असताना दुष्काळ पडतो. लक्षावधी माणसे अन्नावाचून मरत असताना धान्याचा व्यापार, सरकारी धोरण आणि सारावसुली यांच्याऐवजी दोष सूर्यावर ढकलणारी उपपत्ती राज्यकर्त्यांच्या कानांस किती गोड लागली असेल, याची कल्पना वाचकाने करावी. लॉकियरचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. त्याला दुष्काळाचे भाकीत करावयाचे होते. पण ते भाकीत काही सिद्ध झाले नाही. त्यातून एक चांगली गोष्ट मात्र निष्पन्न झाली. सूर्याची दैनंदिन छायाचित्रे हिंदुस्थानात घेतली जावीत, हा त्याचा आग्रह सरकारने मान्य केला, आणि १८७८ पासून डेहराडूनहून सर्व्हे खात्यामार्फत अशी छायाचित्रे विलायतेस नियमाने जाऊ लागली.

या माणसाचे छंद पाहिले म्हणजे त्याचा स्वभाव अधिक उलगडतो. तो गोल्फ खेळे. पण नुसता खेळून थांबणाऱ्यातला तो नव्हता. १८९६ साली रदरफर्ड नामक एका सहकाऱ्याबरोबर त्याने सेंट अँड्र्यूजच्या नियमांची संहिता टीपांसह छापून काढली. युद्धखात्याची नियमावली लावून देणाऱ्या जुन्या कारकुनाचा हात येथे लपत नाही. टेनिसन हा त्याचा स्नेही. त्या कवीच्या काव्यातील निसर्गविज्ञानावर त्याने १९१० मध्ये आपल्या मुलीच्या साहाय्याने पुस्तक लिहिले. इजिप्तमधील देवळांची दारे कोणत्या ताऱ्याच्या अथवा सूर्याच्या उदयाकडे रोखलेली आहेत, याचा त्याला असा नाद लागला की, १८९४ मध्ये त्यावर एक ग्रंथ निघाला. आणि पुढे स्टोनहेंजच्या शिळांवर तेच तत्त्व चालवून त्याने त्यांचा काळ इसवी सनापूर्वी १६८० च्या सुमाराचा ठरविला. आता ती वास्तू पुष्कळ अधिक प्राचीन असल्याचे सिद्ध झाले आहे. काळ चुकला, परंतु पुरातन वास्तू आकाशाकडे तोंड करून बांधलेल्या असू शकतात, हा प्रश्न विद्वानांपुढे ठेवण्याचे श्रेय त्याचेच.

आता विजयदुर्गावर लॉकियर खरोखर आला ते वर्ष. २२ जानेवारी १८९८ चे ग्रहण म्हणजे मुंबई इलाख्यास लाभलेली एक पर्वणीच होती. सावलीचा पट्टा विजयदुर्गापाशी किनाऱ्यावर चढून ईशान्येस वऱ्हाड-नागपूर प्रांताकडे जाणार होता. जानेवारीचे आकाश, म्हणजे ढगाचे भय नाही. मुंबईत प्लेगने थैमान घातले होते, पुण्यात रँडच्या खुनास अद्याप वर्ष उलटले नव्हते, आणि अशा दिवसांत निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ दुर्बिणींच्या पेट्या घेऊन आगगाडीच्या वाटेने इलाख्यात उतरू लागले. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर या लहानशा स्टेशनाजवळ अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कँपबेल आपला चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभारून बसला. जपानी मंडळीही तेथेच. वर्ध्याजवळ पुलगावास केंब्रिजचा न्यूअल, तर वऱ्हाडात तळणीस जॉन एव्हरशेड होता. लॉकियर मात्र समुद्रावरून आला. ‘मेल्पोमेनी’ ही आरमारी नौका त्याच्या दिमतीस देण्यात आली होती, आणि तिने त्यास विजयदुर्गाच्या तटाखाली आणून सोडले. त्याचे वय तेव्हा एकसष्ट. मागील वर्षीच त्यास ‘सर’ ही पदवी मिळालेली. बरोबर मुलगा विल्यम आणि सहायक आल्फ्रेड फाउलर होते.

ओटे हे या मुक्कामाचे. खगोलयंत्रास तिळभरही हादरा सहन होत नाही. म्हणून पक्के चौथरे बांधून त्यांवर यंत्रे बसवावी लागतात. नौकेवरील खलाशी हे या मोहिमेचे खरे मनुष्यबळ. त्यांच्या तुकड्या पाडण्यात आल्या: कोणी प्रभामंडलाचे चित्र काढावे, कोणी त्या अंधारात कोणते तारे दिसतात ते टिपावे, कोणी क्षण मोजून मोठ्याने सांगावेत, कोणी कॅमेऱ्यातील काचा बदलाव्यात. या सर्वांच्या तालमी घेण्यात आल्या, कारण खग्रास अवस्था दोन मिनिटांच्या आसपास टिकणार होती आणि त्यांत एकाचा हात चुकला तरी मोहिमेचा तेवढा भाग वाया जाणार होता. ज्या तटांवरून आंग्र्यांच्या तोफा इंग्रजी गलबतांवर डागल्या गेल्या होत्या, तेथे दीडशे वर्षांच्या आत इंग्रजी नौकेच्या खलाशांनी सूर्याकडे यंत्रे रोखून उभे राहावे, हा योगायोग त्यांच्यापैकी किती जणांच्या ध्यानी आला असेल कोण जाणे.

लॉकियरची भिस्त होती ती लोलक-कॅमेऱ्यांवर. नेहमीच्या वर्णपटदर्शकात प्रकाश एका बारीक फटीतून येतो. या कॅमेऱ्यास फट नसते. खग्रास अवस्था लागण्याच्या क्षणी सूर्याचे तेजोबिंब चंद्राआड जाते आणि कडेवरील पातळ वर्णावरण तेवढे चंद्रकोरीसारखे क्षणभर उरते. ती कोर हीच फट! लोलकातून गेल्यावर प्रत्येक मूलद्रव्य त्या कोरीची आपल्या आपल्या रंगाच्या जागी एक प्रतिमा उमटविते. काचेवर कमानींची एक रांगच्या रांग उठते, आणि कोणत्या मूलद्रव्याची कमान किती लांब पसरली आहे यावरून ते सूर्याच्या पृष्ठापासून किती उंचीपर्यंत आहे हे कळते. हेलियम तीन वर्षांपूर्वीच पृथ्वीवर सापडलेले होते. साहेब विजयदुर्गावर आला तो काही ते शोधण्यास नव्हे. सूर्याच्या कोणत्या थरात काय आहे, आणि तेथील उष्णतेने मूलद्रव्यांचे काय होते, हे त्यास पाहावयाचे होते. आकाश निरभ्र राहिले, छायाचित्रे उत्तम निघाली.

त्याच दिवशी जेऊरला आपल्यातलाच एक मनुष्य दुर्बिणीपाशी उभा होता, आणि त्याचा उल्लेख केल्यावाचून हा वृत्तांत पुरा होणार नाही. कावसजी दादाभाई नायगमवाला हे मुंबईचे पारशी गृहस्थ, प्रथम एल्फिन्स्टन महाविद्यालयात आणि मग पुण्याच्या सायन्स कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवीत. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी दिलेल्या पाच हजार रुपयांच्या देणगीतून वर्णपटाची प्रयोगशाळा व्हावयाची होती. १८८४ साली ते उपकरणांसाठी विलायतेस गेले असता राजज्योतिषी आणि लॉकियर यांनी त्यांस वेधशाळाच उभारण्याचा सल्ला दिला. १८८८ मध्ये पुण्यास महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली, आणि तिची परावर्ती दुर्बीण पुढे वीस इंची होऊन हिंदुस्थानातील सर्वांत मोठी ठरली. लॉकियरचे त्या काळी असे मत होते की, तेजोमेघ म्हणजे परस्परांवर आदळणाऱ्या अशनींचे थवे, आणि त्यांच्या वर्णपटातील मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमची आहे. नायगमवालांनी पुण्याहून मृग नक्षत्रातील तेजोमेघाची ती रेषा तपासून १८९१ साली कळविले की, ती दोन्ही कडांनी रेखीव आहे, मॅग्नेशियमच्या पट्ट्यासारखी एका बाजूस विरत जात नाही. ज्याच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली त्याच्याच मताविरुद्ध तिचा पहिला महत्त्वाचा दाखला पडला, आणि पुढे तो खराही ठरला. १९१२ साली नायगमवाला निवृत्त होताच सरकारने वेधशाळा बंद केली; उपकरणे कोडाईकनालला, तळणीच्या त्या एव्हरशेडच्या हवाली गेली. पुण्यात तिचे नाव सांगणारे आज किती निघतील?

लॉकियरच्या अशनींच्या उपपत्तीचे पुढे कोणी नाव घेतले नाही. पण त्याच्या दुसऱ्या एका निरीक्षणाचे दैव निराळे होते. प्रयोगशाळेत विद्युत्स्फुल्लिंगाच्या प्रखर उष्णतेत काही रेषा अधिक ठळक होतात आणि सूर्याच्या वर्णावरणात नेमक्या त्याच प्रबळ दिसतात, हे त्याने पाहिले होते. मूलद्रव्ये त्या उष्णतेत फुटून अधिक साध्या रूपात येतात, असे त्याचे म्हणणे. रसायनज्ञांनी ते धुडकावून लावले. १६ ऑगस्ट १९२० रोजी लॉकियरचा अंत झाला. त्याच वर्षी कलकत्त्याचा तरुण मेघनाद साहा याने दाखविले की, त्या रेषा इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या आहेत, आणि तापमान व दाब कळला तर त्यांचे प्रमाण गणिताने काढता येते. आपला सिद्धांत ताऱ्यांना लागू करण्याचे काम साहाने लंडनमध्ये ज्याच्या प्रयोगशाळेत बसून केले तो प्राध्यापक आल्फ्रेड फाउलर, म्हणजे १८९८ साली विजयदुर्गाच्या ओट्यांपाशी लॉकियरच्या शेजारी उभा असलेला सहायक. किल्ल्यावर फलक लावावयाचाच तर त्यावर १८६८ ऐवजी २२ जानेवारी १८९८ ही तारीख घालावी, आणि लॉकियरच्या खाली फाउलरचे नाव लिहावे, एवढी विनंती तेथील मंडळींस आहे.